डावूआत्या

चांगुणा बोलायला लागली की समोरचा माणूस तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. वाण्याच्या दुकानात ती ‘त... त...’ करत उभी राहिली की वाणी विचारायचा, ‘‘तांदूळ का?’’ तिला हवी असायची तूरडाळ. पण नाही म्हणायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि मागे तर बायका खोळंबलेल्या. मग ती मान डोलवायची आणि तांदूळ घेऊन घरी यायची. तिच्या फडताळात तांदळाचे पुडे साठायचे आणि डाळीचा डबा तळाला गेलेला असायचा.

लहानपणापासून ती तशीच. निफाडच्या बाजूच्या एका खेड्यात ती वाढली. शाळेत पाढे म्हणायची वेळ आली की गुरुजी तिला ओलांडून पुढच्या मुलीकडे जायचे. गाणं म्हणताना मात्र ती अडत नसे. जात्यावर आईबरोबर ओव्या म्हणायची तेव्हा शब्द पिठासारखे सरळ पडायचे. पण गाऊन कुणी तूरडाळ मागत नाही. लग्नासाठी पाहुणे बघायला आले तेव्हा नाव विचारलं, आणि उत्तर मावशीनं दिलं. पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे. सावळीराम दोंदेला लाजाळू मुलगी आवडली.

सावळीराम नाशिकरोडला प्रेसमध्ये मशीनवर होता. खरी गोष्ट कळल्यावर त्यानं आदळआपट केली नाही, टाकून बोलला नाही. माणूस वाईट नव्हता. दिवसभर मशीनच्या आवाजात उभं राहून तो घरी यायचा आणि त्याला गप्प बायको बरीच वाटायची. चांगुणा काही सांगायला गेली की तो तिच्या पहिल्या अक्षरावरूनच ओळखायचा, ‘‘भाजी संपली? आणतो.’’ बऱ्याचदा त्याचा अंदाज बरोबर निघायचा. चुकला तर चांगुणा त्याच्याच अंदाजानं वागायची.

त्यांना मुलगी झाली. सासऱ्यांनी नाव ठेवलं गौतमी. बुद्धाच्या घरातलं नाव, आणि आपल्या गंगेचं, गोदावरीचंही तेच. सगळ्यांना आवडलं. चांगुणाला ते कधी म्हणताच आलं नाही. ‘ग’पाशी तिची जीभ टाळूला चिकटायची ती सुटायचीच नाही. ‘म’ तिला सोपा जायचा, म्हणून ती मुलीला ‘माय’ म्हणायची. ‘‘माय, माय गं,’’ म्हणत मांडीवर घेऊन डोलायची, गुणगुणायची. तीन वर्षं अशी गेली. चांगुणाच्या आयुष्यातली ती भरलेली वर्षं होती, आणि तेव्हा तिला ते माहीतही होतं.

मग एका हिवाळ्यात येवल्याहून सासू आली. भागीबाई कांद्याच्या वावरात मजुरी करून पोरं वाढवलेली बाई, हाताला आणि तोंडाला तडफदार. गौतमी अंगणात खेळत होती. आजीला बघून धावत आली आणि म्हणाली, ‘‘आजी, प-प-पाणी पाहिजे.’’

त्या वयात पोरं अशी अडखळतातच. डोकं पुढं धावतं, जीभ मागं राहते. पण भागीबाईनं पदर तोंडाला लावला. संध्याकाळी ती लेकाला म्हणाली, ‘‘सावळ्या, पोरगी आईचं ऐकून बोलायला शिकती. उद्या ही बी आशीच झाली तर हिला करील कोन? मी घेऊन जाते. नीट बोलाया लागली का आनून सोडते.’’

सावळीराम भिंतीकडे बघत राहिला. चांगुणा स्टोव्हपाशी बसली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर टांगा आला. भागीबाईनं नात कडेवर घेतली, बोचकं काखेत मारलं. चांगुणा दारात उभी होती. तिचे ओठ हलत होते, मान ताणली गेली होती. सासूला वाटलं, सून निरोप घेतेय. ‘‘व्हय, व्हय, सांभाळते,’’ ती म्हणाली. टांगा वळला.

गौतमी येवल्याला गेली आणि महिन्याभरात घडाघडा बोलायला लागली. भागीबाई गावभर सांगायची, ‘‘बगा, इथं आली आन् जीभ सुटली.’’ आणून सोडायचं मात्र राहून गेलं. आधी आजी म्हणाली, थोडं थांबू. मग तिथल्याच शाळेत नाव घातलं. मग आजीचा जीव गुंतला. पोरगी आजीलाच आई म्हणायला लागली. दिवाळीला चांगुणा आणि सावळीराम येवल्याला जायचे तेव्हा गौतमी आजीच्या लुगड्याआडून बघायची. आपल्या आईला काय म्हणायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारपाजारच्यांचं ऐकून ती ‘बाई’ म्हणायची.

चांगुणाच्या दुपारी फार लांब झाल्या. भांडी घासून झाली, धुणं वाळत पडलं की पुढं काय, हा प्रश्न रोज नव्यानं पडायचा. शेजारच्या बायका ओट्यावर तांदूळ निवडत गप्पा मारायच्या. त्या तिला बोलवायच्या, ती जायचीही. पण बोलणं तिच्यापर्यंत आलं की सगळ्या गप्प होऊन तिच्या तोंडाकडे बघायच्या, आणि ती शांतता तिला सोसवायची नाही. हळूहळू ती जायची बंद झाली.

प्रेसच्या वसाहतीत शेजारच्या क्वार्टरमध्ये सगुणाबाई राहायची. माहेर मखमलाबादकडचं, फुलं-भाज्या पिकवणारं. मोकळ्या मनाची बाई होती. एकदा तिची आई मळ्यात पडून पाय मोडून बसली तेव्हा सगुणाबाई दारात आली. ‘‘चांगुणाताई, नंदा आणि छबीला दोन-तीन दुपारी बघाल का? मी आईला दवाखान्यात बघून येते.’’ चांगुणानं मान डोलावली. तिचं नाही म्हणणं लोकांना ऐकू येत नसे, हो म्हणणं मात्र लगेच कळायचं.

नंदा शाळेत जाणारी होती, समजूतदार. छबी चारेक वर्षांची. आई दिसेनाशी झाल्यावर तिनं जे भोकाड पसरलं ते थांबेना. चांगुणानं तिला कडेवर घेतलं, खिडकीतली चिमणी दाखवली, गुळाचा खडा दिला. छबीनं गूळ थुंकला. वरणभात कालवून ताटली पुढं ठेवली तर ताटली ढकलली. अशा वेळी मुलाशी बोलावं लागतं, आणि नेमकं तेच चांगुणाला येत नव्हतं.

वरणाच्या पातेल्यात लाकडी डाव होता. जुना, कडेनं करपलेला, वाढून वाढून गुळगुळीत झालेला. तिनं तो बाहेर काढला तेव्हा छबी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. का कोण जाणे, पण बघत राहिली. चांगुणाच्या ते लक्षात आलं. तिनं डाव धुतला, पुसला, फळीवरची काजळाची डबी घेतली आणि डावाच्या पोटाशी दोन डोळे काढले. करपलेल्या डागाचं नाक आपोआप झालं. हात पुसायचं फडकं दांड्याला गुंडाळून निऱ्या काढल्या, वर पदर घेतला. एक खाष्ट म्हातारी तयार झाली.

आणि ती म्हातारी बोलली.

‘‘काय गं ए, मघापासून मी वरणात गळ्यापर्यंत बुडालेय, कुणाला माझी दया येते का? इथं तू रडतेस, तिकडं मी भाजतेय. आपल्या दोघींत जास्त कुणी रडायचं ते आधी ठरवू.’’

आवाज चिरका होता, नाकातला. छबीनं रडणं थांबवलं. नंदानं मान वर केली. आणि चांगुणा स्वतः हातातल्या डावाकडे बघत राहिली, कारण एवढं लांबलचक वाक्य कुठंही न अडता आपल्या तोंडातून गेलंय हे तिच्या सगळ्यांत शेवटी ध्यानात आलं.

‘‘तुझं नाव काय?’’ छबीनं डावाला विचारलं.

‘‘डावूआत्या,’’ डाव म्हणाला. ‘‘आणि आता तू एक घास खाल्लास तर मी दुसरं काहीतरी सांगीन. नाही खाल्लास तर चालले परत वरणात.’’

छबीनं घास घेतला.

त्या दिवशी दुपार कधी सरली ते कळलं नाही. पोरी गेल्यावर चांगुणानं दार लावलं आणि जमिनीवर बसून हळूच, आपल्याच आवाजात म्हणून बघितलं, ‘‘डा... डा...’’ पुढं गेलं नाही. डाव हातात घेतला, नाकात आवाज काढला, तर सगळं सरळ. तिला हसू आलं.

सगुणाबाईची आई बरी झाली तरी पोरींचं येणं थांबलं नाही. नंदानं मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी भावंडांना आणलं. चांगुणानं स्वयंपाकघराच्या चौकटीला जुनं लुगडं आडवं बांधलं. ती त्याच्या मागं बसायची, पोरं पुढं. पण नुसतं बघण्यात पोरांचं समाधान होईना. त्यांना स्वतःच्या हातानं करायचं असायचं. मग घराघरातून जिनसा यायला लागल्या. किसणीच्या मास्तरीणबाई झाल्या, कारण त्यांच्या अंगाला नुसते दातच दात. लसणीचा गड्डा पागोटं घातलेला पाटील झाला. कुणी करवंटी आणली, तिच्या शेंड्यांचे केस केले. चहाच्या गाळणीवर मलमलचा तुकडा टाकला की घुंगटातली नवरी. रवीला चिंध्यांचा घागरा बांधून दोन तळहातांत घुसळली की घागरा असा फुलायचा की पोरं माना वाकड्या करून बघत बसायची. भेंडीची टोकं बोटांत घालून पाच भाऊ व्हायचे आणि संध्याकाळी त्यांचीच भाजी व्हायची. ‘‘आमची किसणी कुठं गेली?’’ म्हणत आया यायच्या आणि दारातच थबकून थोडा वेळ ऐकत उभ्या राहायच्या.

आपल्याला बोलता यायचं ते इतकी वर्षं कुठं होतं, हा प्रश्न चांगुणाला पडायचा. उत्तर मिळायचं नाही. लुगड्याच्या मागं ती कुणीच नसायची, बहुतेक म्हणूनच जीभ मोकळी व्हायची. खेळ संपला की पोरं लुगड्यापुढूनच पळत बाहेर जायची. ‘‘डावूआत्या, उद्या येतो,’’ असं ओरडून जायची. चांगुणाला कुणी ‘येतो’ म्हणत नसे.

एका दुपारी प्रेसमधलं मशीन बंद पडलं म्हणून सावळीराम लवकर घरी आला. दाराशी चपलांचा ढीग होता. आतून एक बाई अशी फडाफडा बोलत होती की तो आत यायचाच थांबला. पडवीतल्या बाकावर बसून त्यानं सगळं ऐकलं. पाटील कसा पडला, मास्तरीणबाईंना कुणी किसलं, नवरीला शिंक कशी आली. पोरं गेल्यावर तो आत आला. चांगुणा लुगड्याची गाठ सोडत होती. दुसरं कुणी नव्हतं.

‘‘कोण बोलत होतं?’’ त्यानं विचारलं.

तिनं डाव दाखवला. सावळीरामनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, जणू कळ कुठं आहे ते बघत होता. चहा पिऊन त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, ‘‘तेरा वर्षं झाली लग्नाला. माझ्याशी एकदाही नाही बोललीस अशी.’’

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर चांगुणाला बरं वाटलं असतं. तिनं सांगायचा प्रयत्न केला. ‘‘म... मला... त... तुम्ही...’’

‘‘राहू दे,’’ तो म्हणाला. ‘‘त्रास नको करून घेऊस.’’

पण त्या मे महिन्यात तो एकटाच येवल्याला गेला, आईशी काय बोलायचं ते बोलला, आणि गौतमीला सुट्टीला घेऊन आला.

गौतमी नऊ वर्षांची झाली होती. उंच, सडपातळ, दोन वेण्या. घरात शिरून तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसली. चांगुणानं तिच्यासाठी शेवया केल्या होत्या. तिनं खाल्ल्या, ताटली स्वतः धुतली. सकाळपासून दोघींत एकही शब्द झाला नाही. दुपारी पोरं आली तेव्हा नंदा तिला म्हणाली, ‘‘तुझी आई काय मस्त बोलते गं.’’

‘‘माझी आई येवल्याला आहे,’’ गौतमी म्हणाली. ‘‘बाईला बोलता नाही येत.’’

लुगड्यामागून चांगुणानं ते ऐकलं. तरी खेळ केला. खेळ करताना फटीतून तिला दिसत होतं, सगळ्यांच्या मागं बसलेली गौतमी आधी दाराकडे बघत होती. मग पडद्याकडे बघायला लागली. पाटील खाली पडला तेव्हा ती हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. चांगुणाचेही तसेच होते.

दोन-तीन दिवसांनी सगळी पोरं कुणाच्या तरी मळ्यावर आंबे खायला गेली. दुपार रिकामी होती. चांगुणा ताक करत होती. गौतमी आली, फळीवरून डाव काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. स्वतःला चांगुणाच्या हातातली रवी हवी अशी खूण केली. चांगुणानं रवी धुऊन, चिंध्या बांधून तिला दिली. दोघी लुगड्याच्या एकाच बाजूला बसल्या.

‘‘तू कुठली गं, नाचरे?’’ डावूआत्यानं विचारलं.

‘‘येवल्याची,’’ रवी म्हणाली.

‘‘तिकडं कोण असतं तुझं?’’

‘‘आई असती. आन् शेळी हाय एक. तिचं नाव काशी.’’

‘‘आणि इथं?’’

रवी थोडी फिरली. ‘‘इथं बाबा असतात. आन् बाई. बाई बोलत नाय.’’

‘‘का बोलत नाही? भांडलीस का तिच्याशी?’’

‘‘नाय. आई म्हणती, तिचं ऐकलं का माझी जीभ बी अडकंल. म्हणून मला नेलं.’’

चांगुणाच्या हातातला डाव खाली आला. पोरीला हे सांगितलेलं होतं. येवल्यात सगळ्यांनाच माहीत असणार.

‘‘मग आता माझं ऐकतेस ते?’’ डावूआत्यानं विचारलं. आवाज तेवढा चिरका राहिला नव्हता.

‘‘तू कुठं बाई हायेस?’’ गौतमी हसली. ‘‘तू तर डाव.’’

चांगुणानं डाव जमिनीवर ठेवला. तिला वाटलं, आत्ता. इतक्या जवळ आलेय, इतकी हसतेय, आता आपणच बोलावं. इतक्या वर्षांत न जमलेलं तेवढं एक नाव म्हणावं. ती पोरीकडे वळली. ‘‘ग...’’ ती म्हणाली. ‘‘ग... ग...’’ मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले गेले, हनुवटी थरथरायला लागली. पुन्हा एकदा ‘‘ग...’’

डोळे उघडले तेव्हा गौतमी भिंतीपाशी उभी होती. तिनं दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले होते. ती घाबरली होती. आईला बघून नव्हे, आपल्या जिभेचं काय होईल म्हणून.

चांगुणानं हळूच डाव उचलला. ‘‘बरं बरं,’’ डावूआत्या म्हणाली. ‘‘ताक सांडेल, ये बस.’’ खूप वेळानं पोरगी येऊन बसली.

सुट्टी संपेपर्यंत गौतमी रोज खेळायची, पण डावाशीच. जायच्या दिवशी तिनं तो मागितला. चांगुणानं नवं फडकं नेसवून दिला. सावळीराम मुलीला घेऊन एसटी स्टँडकडे निघाला तेव्हा पिशवीतून डाव डोकं काढून बघत होता. पुढं दिवाळीत कळलं की भागीबाईनं राखेनं घासून त्याचे डोळे घालवले आणि तो आमटीला वापरायला घेतला. चांगला टिकाऊ डाव होता, तिची काही चूक नव्हती. त्यानंतर गौतमी सुट्टीला आली नाही. चुलत्याकडे, आत्याकडे, काहीतरी निघायचं.

चांगुणानं नवा डाव आणला. त्याला डोळे काढले, पण तो आत्या झाला नाही. त्याचा गावाहून आलेला काका केला. पोरं येत राहिली. छबी शाळेत गेली, वरच्या वर्गात गेली, तिची धाकटी भावंडं यायला लागली. मग क्वार्टरांच्या छपरांवर अँटेना उगवल्या. कोपऱ्यावरच्या घरात टीव्ही आला आणि रविवार गेला. मग शाळा दुपारच्या झाल्या, शिकवण्या लागल्या. शेवटी शेवटी एक-दोनच पोरं यायची, तीही आई बाहेर गेली म्हणून. लुगडं चौकटीवरून कधी उतरलं ते चांगुणालाही आठवत नाही. ते विरलं होतं, पायपुसणं झालं.

भागीबाई गेली तेव्हा गौतमी दहावीला होती. ती नाशिकरोडला राहायला आली. आता ती शुद्ध, स्पष्ट बोलायची, वक्तृत्वात बक्षिसं मिळवायची. आईशी नीट वागायची, भांडी घासू लागायची. कान झाकायचं वय गेलं होतं. पण तिला घाई असायची, आणि बापाची सवय तिनं उचलली होती. ‘‘चहा ना? ठेवते.’’ ‘‘दिवे गेले? कळलं.’’ चार-पाच वर्षं एका छपराखाली काढून दोघी एकमेकींना शेजारणींइतक्याच ओळखत होत्या. डी.एड. झालं आणि पेठच्या बाजूला डोंगरातल्या एका शाळेत तिला नोकरी लागली. ती गेली. पुन्हा दुपारी लांब झाल्या, फक्त या खेपेला चांगुणाला त्यांची सवय होती.

दीडेक वर्षानं, दिवाळीच्या सुट्टीत, गौतमी आली ती थकलेली दिसत होती. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन आईसमोर बसली.

‘‘बाई, पहिलीची पोरं माझ्यासमोर तोंडच उघडत नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांची घरची बोली वेगळी. मी पुस्तकातलं बोलते, ती नुसती बघतात. चूक होईल म्हणून घाबरतात. मी विचारते, मग मीच उत्तर देते, मग तास संपतो.’’ तिनं पाय जवळ ओढून घेतले. ‘‘आता मी उत्तर द्यायचं सोडलंय. विचारते आणि थांबते. कधी कधी एखादं पोर खूप वेळानं बोलतं. तुझ्या त्या बाहुल्या कशा करायच्या ते दाखवशील?’’

चांगुणानं फळीवरून झारा काढला, उलथणं काढलं, कांदे काढले, काजळ काढलं. दोघी करत बसल्या. कांद्याच्या पापुद्र्याचा शालू, काड्यापेटीचं उघडमिट करणारं तोंड. गौतमीचे हात हुशार होते. चिंधी बांधता बांधता, मान वर न करता, तिनं विचारलं, ‘‘बाई, मला का जाऊ दिलंस तेव्हा?’’

चांगुणाचा हात सवयीनं झाऱ्याकडे गेला. झाऱ्याला आताच डोळे काढले होते. त्यानं सगळं धडाधड सांगितलं असतं. तिनं हात मागं घेतला.

‘‘मी...’’ ती म्हणाली. ‘‘मी... न... न...’’

गौतमी काही बोलली नाही. ‘नाही’ का, ‘नको’ का, ‘नाइलाज’ का, असं काहीच तिनं पुढं केलं नाही. हातातली चिंधी खाली ठेवून ती नुसती बसली. चांगुणाच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दूध उतू येऊन स्टोव्हवर सांडलं, तरी गौतमी उठली नाही.

‘‘न... नको, म्हणत होते,’’ चांगुणा म्हणाली. ‘‘द... दारात. स... सुरुवात केली होती. श... शब्द निघाला, त... तोवर टांगा गेला.’’

गौतमी पुढं सरकली. ‘‘म्हणजे तू म्हणालीस,’’ ती म्हणाली.

‘‘म... म्हणाले. र... रस्त्याला.’’

गौतमीनं उठून स्टोव्ह बंद केला, सांडलेलं दूध पुसलं. ते पुसायला लागतं त्याहून जास्त वेळ ती पुसत होती. त्या दिवसापुरतं तेवढंच बोलणं झालं. ती ‘आई’ म्हणायला लागली नाही. जिभेला लागलेलं वळण त्या वयात मोडत नाही, आणि चांगुणानं तशी आशाही केली नव्हती. सुट्टी संपल्यावर गौतमी पिशवीभर झारे-उलथणी घेऊन पेठला गेली.

पुढं सावळीराम निवृत्त झाला. क्वार्टर सुटलं, जवळच जेलरोडला दोन खोल्या घेतल्या. तिथं शेजार नवा होता, कुणाला चांगुणाची ओळख नव्हती. गौतमीनं पेठकडच्याच एका शिक्षकाशी लग्न केलं. कामामुळे तिचं येणं कमी झालं. एकदा तिनंच आईला बोलावून घेतलं, शाळा बघायला ये म्हणून.

चांगुणा सकाळच्या एसटीनं गेली. डोंगरउतारावरची दोन खोल्यांची शाळा. ती वर्गात मागं, भिंतीशी बसली. गौतमीनं चौकटीला चादर बांधली होती. बाहुल्या तिथल्या होत्या. वाळलेल्या भोपळ्याच्या पळीला डोळे, नागलीच्या कणसांचे केस, सुपाच्या तुकड्याचं टोपडं. चादरीमागून पोरं आपल्या बोलीत बोलत होती, भांडत होती, हसत होती. त्यातलं अर्धं चांगुणाला कळत नव्हतं. गौतमी एका बाजूला गप्प उभी होती.

खेळ संपला तेव्हा पुढं बसलेली एक चिमुरडी मागं वळली आणि चांगुणाकडे बघून म्हणाली, ‘‘तुजा नाव काय?’’

किती वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ‘‘च...’’ ती म्हणाली. पोरगी बघत होती, घाबरली नव्हती. ‘‘च... च...’’ तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पोरं थाळ्या घेऊन धावली, ती पोरगीही उठून धावली. ‘‘चांगुणा,’’ तिचा शब्द आला तेव्हा वर्गात कुणी नव्हतं. बाहेर थाळ्यांचा आवाज चालू होता.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. घरी पोचली तेव्हा सावळीराम दारातच खुर्ची टाकून बसला होता.

‘‘कशी आहे गौतमी?’’ त्यानं विचारलं.

तिला पोरांबद्दल सांगायचं होतं, कशी बोलतात ते. ‘‘ब... ब...’’ तिनं सुरुवात केली.

‘‘बरी आहे ना?’’ सावळीराम म्हणाला. ‘‘बरं झालं.’’

चांगुणानं मान डोलावली, चपला काढल्या आणि चहा ठेवायला आत गेली.